पंचफुलाबाईंच्या सुधारणा

करडी गावच्या बसथांब्याजवळ हर्षाचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, मोबाईलची कव्हरं, फुटलेल्या काचा बदलणं, असं सगळं तिथे होतं. पंचफुलाबाई दुकानाची पायरी चढल्या की हर्षा हातातलं काम बाजूला ठेवायची. त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय सुटका नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पंचफुलाबाई गावच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायच्या. शिक्षण सातवी नापास. पण मोबाईल कसा असावा, याबद्दलची त्यांची मतं इतकी ठाम होती की कंपनीवाल्यांनी त्यांना गाडी पाठवून बोलावून घ्यायला हवं होतं.

त्यांची मुख्य तक्रार स्टेटसबद्दल होती. आपण एखादा फोटो स्टेटसला ठेवतो, तो दिवसभर राहतो, आणि कोणी कोणी पाहिला त्यांची नावं खाली दिसतात. एवढंच ते प्रकरण. पण ती नावं रोज वेगळ्या क्रमाने येत, आणि त्यावरच बाईंचा राग होता.

"आपल्या घरचे देव कसे, जागच्या जागी राहतेत," त्या हर्षाला म्हणत. "अन् इथं? कालचा वर, आजचा खाली. एक नाव कायमचं वर ठेवाची सोय पाहिजे व. बाकीचे मंग कसेही राहोत."

"कोणाचं नाव ठेवाचं हाये मावशी?" हर्षा मुद्दाम विचारायची. कोणाचं ते साऱ्या गावाला माहीत होतं.

मोनू त्यांचा एकुलता एक मुलगा. वरठीच्या कारखान्यात कंत्राटावर होता. ते काम सुटलं, आणि ते त्याने घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन मोटारसायकल काढायचा, दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतायचा. वडिलांना, म्हणजे दादाजींना, हे बाहेरून कळलं. दादाजी स्वभावाने वाईट माणूस नव्हे, पण राग आला की त्यांचा हात आधी उठायचा. त्यांनी दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, ऐन गर्दीत, दुकानं लागलेली, पाहुणे आलेले, अशात पोराच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी मोनू हैदराबादला निघून गेला. तिथून त्याने आईला एकच फोन केला. "माय, मले फोन करू नको. केला तं हा नंबरच बंद करून टाकीन."

पंचफुलाबाईंनी तो शब्द पाळला. फोन करायचा नाही. पण स्टेटस ठेवायला तर त्याने मना केलं नव्हतं. बचत गटाच्या बायकांनी त्यांना ते शिकवलं होतं, आणि सुरुवातीला देवाचे आणि फुलांचे फोटो ठेवून झाल्यावर एका दिवशी पाहणाऱ्यांच्या यादीत मोनूचं नाव दिसलं. नावाशेजारी त्याच्या मोटारसायकलचा तोच जुना फोटो. त्या दिवसापासून बाईंचा रोजचा स्टेटस सुरू झाला. शेतातली पोपटी झालेली धानाची बांधी. गायीला झालेली कालवड. तव्यावरचे पानगे. लाखोरीची भाजी, जी मोनूला इतकी आवडायची की तो भात सोडून नुसती भाजी खायचा. गावातल्या बायका हसायच्या, पंचफुलाबाई म्हातारपणी फोटोग्राफर झाल्या म्हणायच्या. बाई हसून घ्यायच्या. शाळेत तांदूळ धुऊन झाला की पदराला हात पुसून फोन उघडायच्या, नावांतून नाव शोधायच्या, आणि सापडलं की फोन ठेवून डाळ घालायच्या.

हर्षाला सांगितलेल्या सुधारणांमध्ये एक तर खास होती. "'जेवलो' असं एक बटन पाहिजे," बाई म्हणाल्या. "दूर राहणाऱ्या पोराले. त्यानं दाबलं का मायच्या फोनवर दिसलं पाहिजे. तेले बोलाचं काम नाही, मले विचाराचं काम नाही."

हर्षाने हसत हसत तेही लिहून कंपनीला पाठवलं. ॲपमध्ये तशी जागा असते. लगेच उत्तर आलं, आपल्या बहुमूल्य सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. बाईंना वाटलं, आता काम होईल. हर्षाने त्यांना सांगितलं नाही की हे उत्तर सगळ्यांनाच येतं.

मग थंडीत दादाजींना लकव्याचा झटका आला. फार मोठा नाही, पण तोंड वाकडं झालं आणि डावा हात लोंबायला लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पंचफुलाबाईंनी खाटेवरच्या नवऱ्याचा फोटो काढला. असा फोटो ठेवू नये हे त्यांना कळत होतं. तरी ठेवला. दुपारपर्यंत यादीत मोनूचं नाव आलं.

त्यांनी फोन हातात घेऊन वाट पाहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातून सुट्टी होईपर्यंत. फोन आला नाही. एक अक्षरही आलं नाही.

तेव्हापासून बाईंच्या आतलं काहीतरी बधिर झालं. त्यांना राग आला नाही, रडू आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा दिला, दादाजींना भरवलं, शाळेत खिचडी केली. स्टेटसही ठेवला. यादीत नाव दिसलं की पूर्वी छातीत हलायचं, ते आता हलत नव्हतं. दिसलं, एवढंच. दादाजींची जीभ अडखळत असे, पण एकदा त्यांनी विचारलं, "त्यानं पाह्यलं होतं का माहा फोटो?" बाई म्हणाल्या, पाहिला होता. दादाजींनी भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पोराने आपल्याला मेल्यात जमा केलं, हे नवराबायको दोघांनीही मनात धरलं आणि तसंच घेऊन जगायला लागले.

अशात ॲप बदललं. सकाळी उठून पाहावं तर सगळं सरकलेलं. चूल होती तिथे कोणीतरी रांजण आणून ठेवावा तसं. नावावर बोट लागलं की पूर्वी फक्त फोटो मोठा व्हायचा, आता तिथेच फोनचं चिन्ह येऊ लागलं होतं. पंचफुलाबाईंना ते माहीत नव्हतं. बोटाला मात्र जुनी सवय होती. शाळेच्या स्वयंपाकखोलीत, डाळीला उकळी फुटत असताना, त्यांनी मोनूच्या नावावर बोट ठेवलं, वर उमटलेलं काहीतरी बाजूला करायला पुन्हा टेकवलं, आणि फोन लागला.

घंटी वाजायला लागली तशी बाई स्क्रीनभर बोट फिरवू लागल्या. बंद करायचं लाल बटनही जुन्या जागी नव्हतं. ते सापडेपर्यंत पलीकडून फोन उचलला गेला.

"हॅलो? चाची?"

तो आवाज मोनूचा नव्हता.

"कोन?" बाई म्हणाल्या.

"चाची, मैं तेजराम। बालाघाट का हूँ। मोनू के साथ कमरे में रहता था।"

"मोनू कहाँ है?"

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. "चाची, उसने बताया नहीं आपको? ये मोबाइल मैंने उससे ले लिया था, सिम के साथ। दिवाली के पहले। फिर वो काम छोड़के चला गया। केरल जाऊँगा बोल रहा था। नया नंबर किसी को दिया नहीं।"

दिवाळीच्या आधी. दादाजी दवाखान्यात होते ते त्यानंतर.

"मंग वो स्टेटस..." बाई म्हणाल्या.

"मैं ही देखता हूँ चाची। रोज़।" पोरगा ओशाळला होता. "बुरा मत मानना। हमारे उधर भी धान ही है। देख के अच्छा लगता था। मुझे लगा, आपको मालूम होगा।"

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. मोनूची काही खबर लागली तर कळव, एवढं त्या हिंदीत जमेल तसं म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी डाळीत मीठ घातलं, पोरांना वाढलं, खिचडीचे गंज-पातेली घासली. मोठ्या मास्तरांनी खिचडी छान झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर मात्र दादाजींपासून लपवायचं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या खाटेजवळ बसून त्यांनी सगळं सांगितलं, पोराचा फोन दुसऱ्याकडे आहे, पोरगा कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. दादाजी ऐकत राहिले. मग अडखळत म्हणाले, "मंजे... मी दवाखान्यात होतो ते तेले..."

"माहीतच नाही."

"पाह्यलंच नाही त्यानं?"

"नाही."

दादाजींचा चेहरा एका बाजूने हलायचा, दुसरी बाजू तशीच राहायची. हललेल्या बाजूला बाईंना आनंदासारखं काहीतरी दिसलं आणि त्यांना ते सहन झालं नाही. इतके महिने ज्या पोराला दगड समजलो तो दगड नव्हता, ही चांगलीच गोष्ट होती. पण दगड होता तेव्हा निदान रोज सकाळी त्याचं नाव तरी दिसत होतं. आता पोरगा चांगला निघाला आणि हरवला. यातलं कशाचं काय वाटायला हवं, हे पंचफुलाबाईंना कळेना, आणि वाटतही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या हर्षाच्या दुकानात गेल्या. दुकानात कोणी नव्हतं. हर्षाने त्यांचं सारं ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. बाई मात्र ॲपवरच बोलत होत्या.

"पाहणारा दुसराच, अन् हे नाव दाखवते मोनूचं. काहून असं?"

"फोनले काय कळते मावशी? आपण जे नाव लिहिलं तेच तो दाखवते."

"मंग तेनं सांगितलं पाहिजे ना, का मले माहीत नाही म्हनून. माणूस सांगते तं हा काहून नाही सांगत? हे लिहून पाठवजो कंपनीले."

हर्षाने मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "तो नंबर आता तेजरामच्या नावानं करून देऊ का? नाहीतं रोज मोनूच दिसन तुमाले."

बाईंनी फोन काउंटरवर ठेवला. रस्त्यावरून तुमसरकडे धानाचा ट्रक गेला, काउंटरची काच थरथरली.

"कर," त्या म्हणाल्या. "पोरगा चांगला हाये. तेचं नाव तेले दे."

हर्षाने मोनू हे नाव खोडून तेजराम लिहिलं आणि फोन पुढे केला. पंचफुलाबाईंनी फोनमधल्या नंबरांची सारी यादी वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवली. गटाच्या बाया होत्या, मास्तर होते, गॅसवाला होता, माहेरचे होते.

"अन् मोनू?"

"त्याचा नंबर नाही ना मावशी आपल्याजवळ."

"नंबर नसला तं नुसतं नाव राहू देत नाही का हा?"

हर्षाने करून पाहिलं. नाव लिहिलं, नंबराची जागा रिकामी सोडली. फोनने काही हरकत घेतली नाही. यादीत मोनू पुन्हा दिसू लागला, आपल्या जागेवर, मालनबाई आणि रुखमा यांच्या मध्ये.

"यावर बोट ठेवलं तं काय होते?" बाईंनी विचारलं.

"काहीच होत नाही मावशी. नंबर नाही तं लागन कुठं?"

पंचफुलाबाईंनी त्यावर बोट ठेवलं. नाव मोठं झालं, त्याखाली काही नव्हतं. त्यांनी बोट तसंच दाबून धरलं, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.