मोकळी प्रत

"ही कामावर, ही मोकळी," असं म्हणत बाई दोन्ही हात पुढे करायच्या. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, उजव्याची बोटं हवेत तरंगत असलेली. पालघरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. चहा पिता पिता कुणी सहज काय चाललंय म्हणून विचारलं की त्याची सुटका नसे. मी तर हटकून सापडायची. आता तुम्हीही ऐका.

कणा असलेल्या प्राण्यांच्या कुळात फार पूर्वी एक चूक झाली. नक्कल होताना जनुकांचा सगळा संचच दुप्पट झाला, आणि पुढे कधीतरी पुन्हा एकदा. डोकं कुठं, शेपूट कुठं, हे गर्भाला सांगणारी जनुकंही त्यात आली. एका कामाला दोन प्रती झाल्या. बहुतेक जादा प्रती विरून गेल्या, काहींनी काम वाटून घेतलं. पण कुठं कुठं एक प्रत जुनं काम सांभाळत राहिली, म्हणून दुसरीला चुकायची मुभा मिळाली, आणि चुकत चुकत ती काही नवं शिकली. हे सांगताना बाईंचा आवाज इतका खाली यायचा की आम्ही कप वाजवायचे थांबायचो.

त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांमध्ये बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे होते. माशांच्या कुळात हे दुप्पट होणं आणखी एकदा झालेलं, म्हणून बाईंना मासे प्यारे. सकाळी दिवा लागला की ते अंडी घालत. शिरगावचं आईचं घर रिक्षाने जाण्याइतकं जवळ असूनही बाई माशांसाठी कॉलेजच्या मागे खोली घेऊन एकट्या राहत. एका जनुकाच्या दोन प्रतींमागे त्या कित्येक वर्षं होत्या. जनुक जिथे जागं असेल तिथे गर्भावर निळा डाग उमटवायचा, ही त्यांची रीत. पहिली प्रत त्यांना मेंदूच्या मागच्या भागात सापडली होती. दुसरी कुठं जागी होते, तेवढं कळायचं राहिलं होतं.

शिरगावला त्यांची जुळी बहीण होती, थोडी आधी जन्मलेली, म्हणून थोरली. पानवेलीची वाडी आणि म्हातारी आई तिच्याकडे. चेहरा अगदी तोच. एकदा ती पानांची टोपली घेऊन कॉलेजात आली, तर वर्गातली मुलं गुड मॉर्निंग म्हणत उठून उभी राहिली. तिनेही न गडबडता सगळ्यांना बसा म्हणून सांगितलं. आम्ही महिनाभर बाईंना त्यावरून छळलं.

त्याच दिवशी बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकातून मासा दाखवला. अंड्यातला, काचेसारखा आरपार, आत काळीज उडत असलेला. थोरली पुष्कळ वेळ डोळा लावून उभी होती. मान वर करून ती म्हणाली, "आता मी जाते. तू आयजवळ रा."

साताऱ्याकडे तिची मैत्रीण रोपवाटिका काढत होती आणि तिला कधीची बोलावत होती. समुद्र नसलेलं गाव कसं असतं, ते तिला बघायचं होतं.

बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतेय म्हटल्यावर मी चिडले. वाडीला गडी ठेवा, आईसाठी बाई ठेवा, हातातोंडाशी आलेलं काम सोडू नका, असं बरंच ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आई फक्त थोरलीच्या हातचं खाते," त्या म्हणाल्या. "दुसरा चेहरा दिसला की तोंड मिटते. आणि तो चेहरा आमच्या दोघींकडेच आहे."

मासे मुंबईच्या एका प्रयोगशाळेने नेले. ते काम अर्धंच राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मी शिरगावला गेले. वाडीत पानांचा गार, हिरवा अंधार होता. बाई वेल उतरवत होत्या, म्हणजे उंच गेलेला वेल खाली घेऊन, वेटोळं करून मातीत दाबत होत्या. त्या अजून नवख्या होत्या, दोन वेल माझ्यासमोरच मोडले. दाबलेल्या पेरांना परत मुळं फुटतात म्हणे. थोरलीचा फोन येतो का, म्हणून मी विचारलं. येतो, आणि ती तिकडे खूप हसते, असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ओटीवरून आईंनी हाक मारली. "थोरले, धाकटी आली नाय अजून?"

बाई हात पुसत उठल्या. कॉलेजात एकदाही न ऐकलेल्या बोलीत त्यांनी उत्तर दिलं.

"नाय आय. कामात हाय ती."