फ्लेक्सला भोकं कुठं पाडावीत

धाकट्या भावाच्या वऱ्हाडाची जीप मुडबीच्या अलीकडे उकळली, ती संपूर्ण शास्त्रीय पद्धतीने उकळली.

कोळारच्या एका कारखान्यात मी रेडिएटरची गणितं करतो. त्याच्या बारीक पात्या संगणकावर एकेक काढत बसलं तर निवृत्तीचं वय येतं. म्हणून रेडिएटरच्या जागी आम्ही स्पंजासारखा सच्छिद्र ठोकळा मांडतो. वारा त्यात किती अडेल आणि किती उष्णता घेऊन बाहेर पडेल, एवढे आकडे भरले की झालं. (हे आत्याला समजावलं, तेव्हा तिने विचारलं, म्हणजे खरा रेडिएटर तुम्ही करीतच न्हाई का?)

लग्नाच्या सकाळी दुबलगुंडीहून निघताना काकांनी जीपच्या नाकावर भलाथोरला फ्लेक्स बांधला. मधोमध नवरदेव, भोवती सगळं घराणं, पार खालच्या कोपऱ्यात चष्मेवाला मी. मी म्हणालो, रेडिएटरला वारा लागणार नाही. काका म्हणाले, फ्लेक्स निघणार नाही. तिकडे मुडबीत, नवरीच्या गावी, भन्तेजींना दुपारी दुसरं लग्न लावायचं होतं. आम्हाला उशीर झाला तर ते थांबणार नव्हते.

मी लॅपटॉप उघडला. फ्लेक्स म्हणजे तरी काय? भोकं पाडली की आणखी एक सच्छिद्र थर! किती भोकं लागतील, तेही गणिताने सांगितलं. सगळ्यांना पटलं. मग ती कुणाच्या तोंडावर पाडायची, हा प्रश्न आला.

नवरदेवाला हात लावायचा नाही, हे ठरलेलंच. काकांनी आपल्या फोटोतल्या फेट्यावर तळहात ठेवला.

"माझ्या डोळ्यात कामून भोक पाडायलास?" आत्या म्हणाली. "अक्कल तुझी, तोंडबी तुझंच घे की."

ठराव एकमताने पास झाला. सगळी भोकं माझ्या तोंडावर! संख्या मात्र मी तंतोतंत राखली. शास्त्राशी तडजोड नाही.

मुडबी दिसायला लागली आणि बॉनेटमधून वाफ आली. नवरदेव खाली उतरला.

"अण्णा, गणित चुकलं व्हय?"

"न्हाई."

"मग गाडी कामून थांबली?"

गणित खरंच बरोबर होतं. फक्त माझ्या तोंडामागे रेडिएटर नव्हता, हेडलाइट होता.

आम्हाला शोधत आलेल्या नवरीकडच्या एकाच्या मोटारसायकलवर बसवून नवरदेवाला पुढे धाडलं. भन्तेजी चपला घालत असताना तो पोचला, आणि लग्न आमच्याशिवाय लागलं.

आम्ही चालत पोचलो. काकांनी फ्लेक्स जीपवरून सोडवून आणलाच होता. तो मांडवात टांगला. नवरीच्या मामांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि काकांना हळूच विचारलं, "ह्या कोपऱ्यातल्या पावण्यासंगं तुमची बोलचाल बंद हाय का?"

"न्हाई हो," काका म्हणाले, "इंजिनेर हाय त्यो."

मामांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली.