दुसऱ्याच्या कानांचा रिपोर्ट

त्या माणसाला मी एकवीस दिवस चहा दिला नाही. आमच्याकडे गॅसची टाकी आणून देणाऱ्यालाही चहा विचारतात, आणि हा तर नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त, पंधरा वर्षं माझ्या हातचं जेवलेला. रोज संध्याकाळी साडेसहाला यायचा आणि समोरच्या खुर्चीत बसायचा. मी आत जाऊन दोन कप चहा करायचे, एक नवऱ्याच्या हातात द्यायचे आणि दुसरा त्याच्यासमोर उभी राहून स्वतः प्यायचे. पहिल्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "अगं, ह्याला?" मी म्हटलं, "भाऊजींनी चहा सोडलाय." भाऊजींनी गपगुमान मान हलवली. आलं ठेचून घातलं होतं, वास पार जिन्यापर्यंत जात होता. म्हटलं, बस हुंगत.

माझा नवरा महाळुंग्याजवळच्या एका फोर्जिंग कंपनीत हॅमरवर होता. लालबुंद तापवलेलं लोखंड चिमट्यानं धरायचं आणि वरून टनावारी वजनाचा हातोडा त्यावर आदळायचा, गाड्यांचे भाग असे घडतात. शिफ्टभर तेच. भोसरीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो परत यायचा तेव्हा अंगाला तेलाचा वास आणि कानात घंटा. ऐकणं एकदम नाही गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग मी.

मी पुढच्या खोलीत पिको-फॉलचं काम करते. घरी बायका येतात-जातात, त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आज वांगी आणा की दोडकी, हे अख्ख्या गल्लीला आधी कळायचं आणि नवऱ्याला शेवटी. खालची बाई एकदा हसून म्हणाली, "तुमच्या घरात काही लपत नाही बाई." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण ह्याला कधी बोलले नाही. कान काय हौसेनं घालवलेत त्यानं? कंपनीनं खाल्ले. कष्टाच्या माणसाला त्यावरून टोचून बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी त्यानं नोकरी सोडली. मग एकदा चाकण रोडवर मागून येणारा डंपर त्याला ऐकू आला नाही, हातभर अंतरानं वाचला. तेव्हा मात्र मी त्याला धरून पिंपरीत कानाच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या मॅडम वयानं लहान, पण कामाला पक्क्या. नवऱ्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. मॅडम आवाज सोडत होत्या आणि हा आपला देवळात बसल्यासारखा शांत. बटण काही दाबलं जाईना.

नंतर मॅडमनी जुने रिपोर्ट मागितले. कंपनीची फाईल मी बरोबर नेलीच होती. दर वर्षी कंपनीच्या गेटवर कान तपासायची गाडी यायची, तिचे चार वर्षांचे चार कागद त्यात होते. मॅडमनी ते टेबलावर ओळीनं मांडले, मग उठून बॅटरीनं नवऱ्याच्या दोन्ही कानांत पुन्हा बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, हे रिपोर्ट ह्यांचे नाहीत."

"नाव तर त्यांचंच आहे की."

"नाव ह्यांचं, कान दुसऱ्याचे. ह्यांची नस बारा-पंधरा वर्षांच्या आवाजानं गेलीय, ह्या शेवटच्या रिपोर्टनंतरच्या दोन वर्षांत एवढं होत नाही. आणि हे बघा." त्यांनी चारही कागदांवरच्या एकाच जागी बोट ठेवलं. "हा जो कुणी आहे, त्याचा उजवा कान उत्तम आहे. डाव्या कानाला जाड, खालचे आवाज कमी येतात. पडद्याला जुनं भोक असलं की असं होतं. चारही वर्षं तेच. तुमच्या मिस्टरांचे दोन्ही पडदे शाबूत आहेत."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. डावा कान लहानपणी फुटलेला, थंडी पडली की त्यात कापूस कोंबून हिंडणारा, माझ्याशी बोलताना उजवी बाजू पुढे करून बसणारा एकच माणूस मला माहीत होता. लसूण घालून तेल कोमट करून मीच त्याला देत होते, कानात घालायला. मॅडमना हे सांगितलं असतं तर फुटक्या पडद्यात तेल घालतात का, म्हणून त्यांनी मलाच झापलं असतं.

हा दोस्त त्याच कंपनीत स्टोअरला. हॅमरपासून लांब, दाराआड, शांत जागा. टेस्टच्या दिवशी डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क, गाडीतला माणूस बाहेरचा, त्याला कोण कुठला काय माहीत? कार्ड दाखवलं की झालं. ज्याची टेस्ट बिघडायची त्याला हॅमरवरून काढून यार्डात टाकायचे, आणि मग सेफ्टीच्या साहेबांना वर जाब द्यावा लागायचा. ह्यानं साहेबांची कटकट वाचवली, आणि पुढच्याच वर्षी स्टोअरचा इनचार्ज झाला. माझं गणित जुळलं. नवऱ्याला ठाऊक असणारच, तेवढी अक्कल मला आहे. पण नवरा भोळा. ह्या मेल्यानंच "तू नको येऊ, मी बघतो" म्हणून गळ घातली असणार. नवऱ्याला विचारलं नाही, कारण विचारायचं तर ओरडून विचारावं लागणार आणि गल्ली दारात गोळा होणार.

मॅडमनी त्याच दिवशी दोन्ही कानांना मशीन लावून दिलं, महिनाभर वापरून बघायला. जमलं तर ठेवायचं, नाहीतर परत. म्हणाल्या, "नुसतं लावून होत नाही. इतकी वर्षं मेंदूला आवाज मिळाले नाहीत, तो ओळखायचं विसरलाय. त्याला परत शिकवायचं. ह्या महिन्यात जमलं नाही, तर मशीन कपाटात जातं आणि माणूस पुन्हा कधी हात लावत नाही. मी रोज बघते."

तो आठवडा मी साड्यांना पिको करत सूडाचे बेत करत काढला. त्याच्या बायकोला सांगू? कंपनीच्या गेटवर जाऊन कागद नाचवू? झोपेतसुद्धा मी दातओठ खात असणार, सकाळी जबडा दुखायचा.

आठवड्यानं दवाखान्यात गेलो. मॅडमनी विचारलं, "दिवसभर घालता ना?" नवरा म्हणाला, "हो, हो." मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि हसल्या. ते मेलं मशीन सगळं लिहून ठेवतं. दिवसाला चाळीस मिनिटं! नवरा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "भांडी आपटल्यासारखं वाजतं सगळं. माणसं कळत नाहीत. नको मला हे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "रोज अर्धा तास सराव पाहिजे. तुम्ही नको. तुमचं बोलणं ते ओठांवरून ओळखतात. दुसरं कुणीतरी, पुरुषाचा आवाज. समोर बसायचं, तोंडापुढे कागद धरायचा आणि साध्या आवाजात एकेक शब्द म्हणायचा. ह्यांनी तो परत म्हणायचा. बरोबर आला तर खूण, चुकला तर फुली. आहे कुणी असं?"

"आहे," मी म्हटलं. "एक माणूस आहे, ऐकण्याच्या कामातला."

त्याच संध्याकाळी रिक्षानं मोशीला त्याच्या फ्लॅटवर गेले. बायको घरी नव्हती, ते त्याचं नशीब. चार कागद टेबलावर टाकले आणि म्हटलं, "हे कान कुणाचे?" त्यानं कागद वाचलेसुद्धा नाहीत. हात डाव्या कानाकडे गेला.

"वहिनी, त्या वेळी असं झालं होतं की..."

"एक अक्षर बोलू नका. तुमचं काही ऐकायला आलेले नाही मी. उद्यापासून साडेसहाला घरी यायचं, रोज, अर्धा तास. का ते ह्यांना सांगायचं नाही. एक दिवस चुकवलात तर हे कागद आणि मी, दोघं कंपनीच्या गेटवर."

इतक्यावरच सुटलो, असं त्याच्या तोंडावर दिसलं. मनात म्हटलं, बघ तू आता.

पहिल्या दिवशी वीस शब्दांपैकी नवऱ्याचे सहा आले. स, श, फ, ख त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. वही मी दोस्ताच्या मांडीवर दिली होती. फुल्या त्यानं मारायच्या, माझी सक्त ताकीद. चार वर्षं माझ्या नवऱ्याच्या नावानं बटण दाबलंस ना? मार आता त्याच्या नावानं फुल्या, मोजून चौदा. नवरा कपाळाला आठ्या घालून जीव तोडून ऐकायचा, भलतंच काहीतरी म्हणायचा आणि लहान मुलासारखा विचारायचा, "बरोबर?" ह्याला मान हलवून नाही म्हणावं लागायचं. मी दारात उभी राहून ते बघायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात मी खुर्ची फिरवली, दोस्ताची डावी बाजू नवऱ्याकडे येईल अशी. नवरा बोलतो हळू, बहिरी माणसं एकतर फार मोठ्यानं बोलतात नाहीतर पुटपुटतात. ह्याला ते ऐकू येईना. "काय म्हणालास रे?" पुन्हा, "काय?" मी आतल्या खोलीतून म्हणायचे, "विचारा, विचारा, परत विचारा." घामाघूम व्हायचा.

आणि गंमत म्हणजे नवरा सुधारत होता. दोस्त येतो म्हणून दुपारपासून मशीन घालून बसायचा, त्याच्यासमोर हरायची लाज. नऊ झाले, मग बारा. एकदा पंधरा आले तेव्हा दोस्तानं वही उंच धरून मला दाखवली, डोळे भरलेले. मी तोंड फिरवलं. तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं एक फुली तरी पुसली जाणार आहे का?

एकविसावा दिवस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं, मशीन राहणार की जाणार ते ठरणार होतं. नवऱ्यानं आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "शब्द येतात गं. पण शब्द म्हणजे काय बोलणं असतं का? कुणी बोलायला लागलं की परत धुरळा. देऊन टाकू." मला धडकी भरली होती.

दोस्तानं तोंडापुढे कागद धरला. चार-पाच शब्द झाले. मग तो थांबला. कागद खाली घेतला नाही, आवाज चढवला नाही. कागदाआडून म्हणाला, "माझं चुकलं राव. तुझ्या जागी मी बसायला नको होतं."

मी दारात ताठ झाले. हे यादीत नव्हतं. नवऱ्याला फक्त शब्द परत म्हणायची सवय, तो आता गोंधळणार, मशीन काढून ठेवणार.

नवरा खुर्चीत पुढे सरकला. मग उत्तर दिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं शब्द परत न म्हणता उत्तर दिलं.

"तुझं कसलं चुकलं? तू तर तयारच नव्हतास. गाडी आली त्या पहिल्या वर्षी मी नापास झालो तेव्हाच साहेब म्हणाले होते, आत्ता हॅमर सोड, उरलेत तेवढे कान वाचतील. मी ऐकलं नाही. यार्डात झाडू मारणार नाही म्हटलं. तो कागद मीच फाडला आणि माझ्या नावानं परत टेस्टला बस म्हणून तुझ्या पाया पडलो."

त्याला सगळं ऐकू आलं होतं. तोंड न बघता, पंखा चालू असताना, पूर्ण वाक्य. आणि मला जे ऐकू आलं ते ऐकून माझ्या हातातली कपबशी कुठे ठेवली ते आठवत नाही. साहेब म्हणाले होते, कान वाचतील. ह्याला माहीत होतं. घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि मला काही सांगितलं नाही.

"उठा," मी दोस्ताला म्हटलं. तो उठला. मी कागद त्याच्या हातातून घेतला, त्याच्या खुर्चीत बसले आणि कागद तोंडापुढे धरला. इतकी वर्षं ह्या माणसाशी मी ओरडून बोलले होते. ओरडून भांडता येतं, पण ओरडून काळजातलं सांगता येत नाही. म्हणून मी अगदी हळू बोलले, शेजारणीशी बोलावं तसं.

"माझी आई गेली त्या दुपारी मी फोन तुमच्या उशाशी ठेवून दळण आणायला गेले होते. भावानं सात वेळा फोन केला. तुम्ही जागे होता. मी परत आले आणि बघितलं, तोवर दोन तास गेले होते. गावी पोचले तेव्हा आईला नेलं होतं. मला तोंड बघायला मिळालं नाही. तुम्हाला सांगितलं, गाडी उशिरा मिळाली. का सांगितलं तसं? तुमचे कान कंपनीनं खाल्ले, तुम्हाला आणखी वाईट वाटायला नको म्हणून. आज कळलं, खाऊ तुम्हीच दिले."

कागदाच्या कडेवरून मला त्याचे डोळे दिसत होते. एक शब्द सुटला नव्हता त्याचा. त्याचा हात हळूहळू वर गेला, कानाकडे, मशीन काढायला.

"हात खाली," मी म्हटलं. "अजून माझं झालेलं नाही."

त्यानं हात खाली घेतला.