धक्क्यावरची मांजरं

पहिल्याच घासाला मी माती खाल्ली. समोर तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, आणि माझ्या ताटाच्या काठाला नाक लावून एक मांजर. डोंबिवलीकराच्या तोंडून अशा वेळी जे निघतं तेच निघालं, "हाड्!" वर हातही उगारला.

जेवणारे सगळे थांबले. मांजर मात्र हललं नाही. उलट असं बघितलं माझ्याकडे, की मीच सरकून बसलो.

"हाड कुत्र्याला म्हणतात," मित्राची आई शांतपणे म्हणाली. "खरं तर त्याला पण म्हणू नये. थोडी कोलंबी घाल तिला, मग जाईल ती."

घातली. गेली. बायको पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं काहीतरी करत होती.

हा मित्र माझ्याबरोबर ठाण्याच्या ऑफिसात होता. त्याचं गाव दिव्याच्या पलीकडे, खाडीतल्या एका बेटावर. सगळी वस्ती मुसलमानांची, बहुतेक मासेमारीवाले. "एकदा या रे घरी," असं तो वर्षानुवर्षं म्हणायचा आणि मी वर्षानुवर्षं "नक्की" म्हणायचो. शेवटी दोघंही रिटायर झाल्यावर आमचं नक्की नक्की झालं.

जेवणानंतर ओट्यावर बसलो. एक मांजर आलं, नमाजाआधी हातपाय धुवायला भरून ठेवलेल्या तांब्यात तोंड घालून प्यायलं आणि गेलं. मित्राने त्याच पाण्याने हातपाय धुतले. आत त्याच्या आईच्या चटईवर दुसरं एक ऐसपैस झोपलं होतं. म्हातारीने शेजारी दुसरी चटई अंथरली आणि तिच्यावर नमाज पढली. आमच्या सोसायटीत मांजर लिफ्टमध्ये दिसलं तरी मीटिंग लागते. मी सेक्रेटरी होतो तेव्हा दोनदा लागली होती. हे मी इथे बोललो नाही. बायको बोलली.

"मग काय ठरलं मीटिंगमध्ये?" म्हातारीने विचारलं.

"मांजराला नोटीस द्यायची," बायको म्हणाली.

म्हातारी हसली, पण अर्धवट. तिचं लक्ष दाराकडे होतं. धाकटा मुलगा सकाळी एकटाच होडी घेऊन गेला होता. दुपारच्या नमाजापर्यंत येणार होता. आता ऊन उतरलं होतं, ओहोटी लागली होती, आणि फोन बंद येत होता.

"चार्जिंग संपलं असेल," मी म्हणालो. असल्या वेळी हे वाक्य बोलायला कुणीतरी लागतंच.

"माझा भाऊ गेला तेव्हा पण असंच म्हणाले होते," ती म्हणाली.

मित्राने मला हळूच सांगितलं. त्याचा मामू तीन पावसाळ्यांपूर्वी याच खाडीत गेला. होडी पुढे तिवरांच्या झाडीत अडकलेली मिळाली. तो मिळाला नाही.

सूर्य कलला तशी म्हातारी उठली आणि धक्क्याकडे निघाली. आम्हीही मागोमाग गेलो. धक्क्याच्या पायऱ्यांवर मांजरं बसली होती. पंचवीस-तीस तरी असतील. भांडण नाही, म्यांव नाही. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. पलीकडे डोंबिवलीच्या टॉवरमध्ये दिवे लागत होते. मी जिथे इतकी वर्षं राहतो ते गाव इथून पाण्यावर टांगल्यासारखं दिसत होतं, आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

"प्रत्येक होडीची मांजरं ठरलेली," मित्र म्हणाला. "पहिला मासा त्यांचा, मग घरचा. इंजिनाचा आवाज त्यांना आपल्याआधी येतो. ज्या होडीची मांजरं उठली, ती होडी आली समज."

म्हणून इथे वाट बघणारी माणसं पाण्याकडे बघतच नव्हती. मांजरांकडे बघत होती.

एका होडीची तीन मांजरं उठली, आणि खरंच थोड्या वेळाने ती होडी आली. मग आणखी एक आली. प्रत्येक होडीवाला आपल्या मांजरांना मासे टाकायचा आणि एक बोय मासा शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. तिथे एक तांबूस बोका एकटाच बसला होता.

"तो कुठल्या होडीचा?" मी विचारलं.

"मामूच्या," मित्र म्हणाला. "त्याला कुणी उपाशी ठेवत नाही. पण तो उठत नाही कधी. पुढ्यात ठेवलं तर खातो."

अजान झाली. धाकट्याची दोन मांजरं अजून बसलेलीच होती. म्हातारी त्यांच्या शेजारी खाली बसली, अगदी त्यांच्यासारखीच, हात पायांशी घेऊन. तिला काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर बायकोने माझा दंड धरला.

तेवढ्यात तो तांबूस बोका उठला.

धक्क्यावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. म्हातारीने मित्राचा हात पकडला. ती कुजबुजली, "हा का उठला?" मग धाकट्याची दोन मांजरं उठली. मग बऱ्याच वेळाने आम्हाला वल्ह्याचा आवाज आला. इंजिनाचा नाही, वल्ह्याचा.

होडी धक्क्याला लागली. धाकटा कमरेपर्यंत चिखलात माखलेला होता. आईने आधी त्याला चापट मारली आणि मग त्याच्या गालावरचा चिखल पदराने पुसत बसली.

"इंजिन बंद पडलं," तो म्हणाला. "अंधारात तिवरांत शिरलो. नशीब तुम्ही हाका मारल्या. 'डावीकडे घे, डावीकडे' असं कोण ओरडत होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हाक कुणीच मारली नव्हती. म्हातारीने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "चल, आधी मांजरांचं दे."

शेवटच्या होडीने आम्ही परतलो. रिक्षात बायको गप्प, जिन्यात गप्प. आमच्या संसारात हे क्वचितच घडतं, म्हणून मी घाबरून चहा टाकला.

कप हातात घेऊन ती म्हणाली, "तुम्ही सगळे होडीकडे बघत होतात. मी त्या बोक्याकडे बघत होते. तुमच्या मित्राचा भाऊ उतरायच्या आधीच तो रिकाम्या पायरीवर शेपूट ताठ करून, अंग घासल्यासारखं करत गोल गोल फिरत होता. मधे दोन पायांएवढी जागा सोडून."