एकशे सत्तावीस दातांचे चाक

माझा लेथ इंचाच्या मापाचा आहे. त्यावर स्क्रूला मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचे चाक लावावे लागते, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. गेल्या हंगामात त्या चाकाचे चार दात उडाले. दुसऱ्याच दिवशी कोडोलीचा एक गुऱ्हाळमालक चरकाचा मोडलेला स्क्रू घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या कारखान्यात आला. आटे मिलिमीटरचे होते. ऊस तोडून पडला होता आणि वाळत होता. तयार चाक यायला आठवडा लागणार होता.

चाकाचे दात कापताना सारखे अंतर राखायला छिद्रांची तबकडी असते. शंभर दात होतात, एकशे वीस होतात. १२७ ला माझ्याकडची एकही तबकडी चालत नव्हती. चाळीस वर्षे मी हे चाक तयारच आणत आलो.

माझी सून पेठ वडगावला महाविद्यालयात गणित शिकवते. रविवार होता, म्हणून तिला बोलावले. तिने भिंतीवर खडूने भागाकार मांडले.

“दोन, तीन, पाच, सात, अकरा. कुणाचाच भाग जात नाही. तेराचा वर्ग १६९, म्हणजे पुढं बघायलाच नको. मूळ संख्या आहे, मामा. हिचे समान तुकडे पडणार नाहीत.”

“ते मला ठाऊक आहे. कापायचे कसे, ते सांग.”

शेजारचा कारखानदार दारात उभा होता. “आप्पा, एकशे सव्वीस कापा की! एका दातानं काय आभाळ कोसळतंय व्हय?”

“स्क्रूवर नट अर्ध्यात अडकला की पावण्यांना तुमच्याकडंच पाठवते, काका,” सून म्हणाली.

तासाभरात तिने वाट काढली. चकती फिरवायची मूठ १२० दातांच्या हिशेबाने फिरवायची. उरलेल्या सात दातांचा फरक २४ आणि ५६ दातांची दोन चाके जोडून भरून काढायचा. ती चाके तबकडीला आपोआप मागे सरकवतात. माझा हात आता थरथरतो. मूठ मी तिच्या हाती दिली. एक फेरी चुकली असती तर सगळी चकती वाया गेली असती.

निम्म्यावर चहा झाला. तेव्हा ती म्हणाली, “दोन सात वेळा मांडून गुणा, एक वजा करा. १२७ येतात. आता दोन १२७ वेळा मांडून गुणा, एक वजा करा. एकोणचाळीस आकडी संख्या येते, मामा, आणि तीही मूळच. संगणक नव्हते तेव्हा माणसानं हातानं सिद्ध केलंय.”

तिने ती संख्या भिंतीवर लिहिली. मी पुसू दिलेली नाही.

शेवटचा दात पहिल्याला येऊन मिळाला. कॅलिपर लावला. जाडीत फरक नव्हता. संध्याकाळपर्यंत स्क्रू तयार झाला. गुऱ्हाळमालकाने नट स्वतःच्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला.

“चाक तुमीच कापलंय न्हवं, आप्पा?”

“नाही. सूनबाईंनी.”

आता कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. कोणी विचारले नसले तरी.