एका क्रियापदाची चौकशी

लालबागच्या ज्या कलापथकासाठी मी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एक वग लिहिला, त्या पथकाच्या स्मरणिकेत माझ्याविषयी दोन ओळी छापून आल्या आहेत. परदेशी शिकायला जाता यावे म्हणून मी पोलिसांपुढे तो वग माझा नव्हेच म्हणून नाकारला, असे त्या ओळी सांगतात. माझ्या घरची मंडळी याच्या नेमके उलटे सांगतात. मी म्हणे चौकशीला आलेल्या जमादाराच्या तोंडावर माझेच वाक्य फेकले आणि तो खजील होऊन जिना उतरला. दोन्ही हकिगती खोट्या आहेत. चौकशीच्या त्या दुपारी आमच्या खोलीत तीन माणसे होती. जमादार आणि माझे वडील आज नाहीत, उरलो मी. मी भ्यालो होतो, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको.

एम. ए. झाल्यावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने नाट्यलेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश दिला होता, शिष्यवृत्तीसह. गिरगावात त्याचे हसू झाले. तिकडे नाटक लिहायला शिकवतात, तर पाहायला येणाऱ्यांनाही शिकवतात का, असे माझ्या आत्याने विचारले. मला हसू येत नव्हते. विद्यापीठाचे सत्र सुरू होण्याआधी पोचायचे, तर पासपोर्ट हवा होता. पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी व्हायची होती. आणि पोलीस ज्या वगाच्या लेखकाला शोधत होते, तो वग मी लिहिलेला होता.

वग साधा होता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला आलेला एक मंत्री आणि त्याला पुरून उरणारा कोकणातला एक गिरणी कामगार. शेवटी मंत्री बोचके उचलतो आणि कामगार प्रेक्षकांना सांगतो, “तो जातंय, मुंबय हंयच आसा!” म्हणजे तो चालला, मुंबई इथेच आहे. पण हे मालवणी वाक्य चुकीचे आहे. मालवणीत ‘जातंय’ म्हणजे ‘मी जातो’. ‘तो जातो’ म्हणायचे असेल तर ‘तो जाता’. आम्ही गिरगावकर ‘पाणी वाहून जातंय’ म्हणतो, त्यावरून ते रूप मालवणीत कोणालाही चालत असावे, असे मी खोताच्या वाडीतल्या घरात बसून परस्पर ठरवून टाकले होते.

कामगाराची भूमिका करणारा माझा मित्र खरोखरीच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत असे आणि डिलाईल रोडच्या चाळीत राहत असे. मूळचा मालवणचा. तालमीत तो थांबला.

“लेखकानू, ह्या चुकला. मी जातंय, पण तो जाता.”

प्रवेशाचे पत्र तेव्हा माझ्या खिशात होते. मी त्याला सांगितले की लेखक मी आहे, लिहिले आहे तसे म्हणायचे. त्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “नाटक शिकाक बोटीन जातलंस, आणि आमची भाषा शिकाक डिलाईल रोडापर्यंत येवक नको?”

पण त्याने वाक्य लिहिले तसेच म्हटले. नुसते म्हटले नाही, तर ‘तो’ म्हणताना मंत्र्याकडे बोट केले आणि ‘जातंय’ म्हणताना स्वतःच बोचके उचलून निघाला, मग दचकून परत आला. लालबागचे पटांगण हसून लोटपोट झाले. माझी चूक हा त्या वगातला सर्वांत मोठा हशा ठरला. पंधरवड्यात ‘तो जातंय’ परळपासून गिरगावपर्यंत पोरांच्या तोंडी होते. लेखक म्हणून कोणाचेच नाव आम्ही सांगत नसू. परंतु हा लेखक कोकणातला नव्हे, हे ज्याला मालवणी कळते अशा प्रत्येकाला त्या एका क्रियापदाने सांगून टाकले होते. पुढे धरपकड झाली, पथकातल्या दोघांना उचलून नेले. तेव्हापासून आमच्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी करकरली की माझ्या हातातला घास हातातच राहत असे.

जमादार रविवारी दुपारी आला, साध्या वेषात. वडिलांनी त्याला जी खुर्ची दिली, तिच्या वरच्याच फळीवर पंचांगांच्या मागे वगाची मूळ वही होती. माझ्या अक्षरात. वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि ती वही तिथे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चहा पुढे केला. जमादाराने नाव, वय, मित्र, सभांना जाणे-येणे असे सगळे विचारले, मी दिलेली उत्तरे लिहून घेतली. मग अर्जाच्या प्रतीवर बोट ठेवून तिकडे नेमके काय शिकणार, असे विचारले. मी नाट्यलेखन म्हणालो. म्हणजे लिहिता, तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि ह्याचीच मला भीती वाटली. मी ज्यासाठी जाणार होतो, तेच मला अडकवणार होते.

“मी वेंगुर्ल्याकडचा,” तो म्हणाला. “आमची भाषा येते तुम्हाला?”

कानावर आहे, मी म्हणालो.

“मग सांगा बघू. ‘तो जातो’ हे आमच्यात कसं म्हणतात?”

बरोबर उत्तर मला येत होते. ‘तो जाता.’ दोन शब्द, आणि मी सुटलो असतो. पण मी इतके महिने ते चुकीचे रूप सगळ्यांशी भांडून राखले होते. फळीकडे नजर जाऊ नये एवढेच मनात होते, आणि जीभ सवयीच्या वाटेने गेली.

“तो जातंय.”

वडिलांनी डोळे मिटले. जमादार माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपली टिपणवही बंद केली.

“चुकलात,” तो म्हणाला. “जातंय म्हणजे मी. शिकायला चाललाच आहात, तर हेही शिकून घ्या.”

उंबऱ्याशी चपला घालताना तो “येतंय” म्हणाला आणि जिना उतरला.

निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, ही आपली सगळ्यांचीच रीत. तरीही पुढचे कित्येक आठवडे मी तो एक शब्द उलटून पालटून पाहत होतो. निरोप होता, की पुन्हा येणार होता? आणि येताना एकटा?

त्याच संध्याकाळी वडिलांनी वही फळीवरून काढून माझ्या हातात दिली आणि ही आजच घरातून जाऊ दे, एवढेच म्हणाले. मी ती डिलाईल रोडला मित्राकडे नेली आणि घडले ते त्याला सांगितले. तो नेहमीसारखा हसला नाही. पुढचा प्रयोग परळला होता. मी गर्दीत मागे उभा होतो. शेवट आला, त्याने मंत्र्याकडे बोट केले आणि स्वच्छ म्हणाला, “तो जाता, मुंबय हंयच आसा.” टाळ्या पडल्या. हशा नव्हता. माझी खूण त्याने पुसून टाकली होती, मला न विचारता. मी आत जाऊन त्याच्यावर संतापलो. त्याने मिशी काढता काढता ऐकून घेतले.

“तू आधी बोटीत बस. मगे काय सांगाचा ता सांग.”

मी गप्प बसलो. संतापाच्या खाली मला सुटल्यासारखे वाटत होते, आणि ते त्याला दिसले असावे. स्मरणिकावाल्यांनी त्या दिवसांत वाक्य बदलले एवढे पाहिले आणि ते मी बदलवून घेतले असा तर्क केला. त्या गप्प बसण्याला नाकारणे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा, मी भांडणार नाही. मात्र जमादारापुढे मी नाकारले, हे मी छापू देणार नाही. आणि घरच्यांनीही ऐकावे: ते शौर्य नव्हते.

पासपोर्ट आला. जमादाराने कागदावर काय लिहिले, हे मला कधीच कळले नाही. बोट धक्क्यावरून सुटून किनारा दिसेनासा होईपर्यंत मी डेकवर उभा होतो, कोणी हाक मारील म्हणून. तिकडच्या वर्गात प्राध्यापकांनी मला माझ्या नाटकातला एखादा प्रवेश वाचायला सांगितला, तेव्हा मी ह्याच वगाचा शेवट इंग्रजीत वाचला. वाक्य निर्दोष होते. कोणी हसले नाही. वसतिगृहाच्या जिन्यावर रखवालदाराची पावले वाजली की मी तिथेही लिहिता लिहिता थांबत असे, दोन्ही वर्षे.

मी तिकडे असतानाच मुंबईसह महाराष्ट्र झाला. काही आठवड्यांनी मित्राचे पत्र आले. लालबागला विजयाचा प्रयोग झाला होता, गर्दी मावत नव्हती, वगैरे. शेवटी एक ओळ होती: “तुझी चूक परत घातलंय.” ‘घातलंय’ म्हणजे ‘मी घातली’; काढली होती तीही त्यानेच.

ते पत्र माझ्यापाशी आहे. स्मरणिकेच्या संपादकांना हवे असेल, तर त्यांनी घरी येऊन वाचावे. पोस्टाने मी ते पाठवणार नाही.