भाचीच्या गणितातला मोठा ठिपका

भाचीचं लग्न आठवड्यावर आलं आणि माझे डोळे आले. साधेसुधे नव्हेत, असे लाल की तीर्थपुरीच्या नाक्यावर मी नुसता उभा राहिलो तरी जीपा आपोआप थांबायच्या.

नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. मी फेटा आणून आरशासमोर चालायची तालीमही सुरू केली होती. पण नवरी पडली गणिताची प्राध्यापक. रोगाची साथ कुणाकडून कुणाकडे जाते याचं गणित मांडणं हाच तिचा अभ्यास. तिनं घरोघर विचारून अंगणात रांगोळीनं आख्खं गाव काढलं. माणूस म्हणजे ठिपका, भेटगाठ म्हणजे रेघ. मधल्या एका ठिपक्यातून इतक्या रेघा फुटल्या होत्या की सूर्यच वाटावा.

"हे कोण? सरपंच?"

"तुम्ही, मामा. तंबाखू तुमच्या तळहातावर, चिमूट सगळ्या गावाची. मंग तेच बोट डोळ्याला."

माझी छाती फुगली. "पाह्य अक्का," मी बहिणीला म्हणालो, "तुझा भाऊ केवढा मोठा माणूस हाये!"

"हा एक ठिपका पुसला की साथ थांबते," भाची म्हणाली. "डोळे निवळेपर्यंत शेतातल्या आखाड्यावर, खोपीत राहायचं. न्हाईतर मान चुलत मामाला."

चुलत मामा! फेटा बांधला की टोपल्याखाली उंदीर सापडल्यासारखा दिसतो तो! मुकाट्यानं आखाड्यावर गेलो.

पण आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जावंच लागतं, नाहीतर नातवंडांपर्यंत बोलणी बसतात. मामा आखाड्यावर पडलाय कळताच माणसं लोटली. गावात मला टाळणारेही आले. थेट केदारखेड्याहून पाहुणे जीप भरून आले. बांधावर चहाची गाडी लागली. आता आल्या माणसाला तंबाखू तरी कशी विचारायची नाही?

संध्याकाळी भाचीनं ती जत्रा पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मामा, ठिपका पुसला न्हाई, नुसता हलला. रेघा तर वाढल्याच! थांबा, बराबर बंदोबस्त करते."

दुसऱ्या दिवशी चिटपाखरू फिरकेना. चहावालाही गाडी ढकलत पळाला. मी हाक मारली की वाटेवरचा माणूस धोतर सावरत धूम ठोकायचा. लांब बोरीखाली डबा ठेवून निघालेल्या बहिणीला ओरडून विचारलं, "अक्का, पोरीनं काय सांगितलं गावात? मी मेलो म्हणून?"

"मेला म्हणली असती तर सगळेच आले असते की! मामाला कापूस वेचायला माणसं पाहिजेत म्हणली."

माझी चिमूट घेतलेल्या काहींचे डोळे आले खरे, पण मी वेचणीला धरीन या धास्तीनं तेही घरातच दडून बसले. साथ तिथंच थांबली.

लग्नाच्या सकाळी भाचीनं माझ्या पापण्या ओढून डोळे तपासले आणि स्वतः फेटा माझ्या हातात दिला. तिला घेऊन मी ऐटीत मांडवात शिरलो, सवयीनं डावी-उजवीकडं हसलो. झालं! सगळे पाहुणे भराभर मागं सरले, राजाला मिळत नसेल अशी ऐसपैस वाट झाली. कोपऱ्यातून कुणीतरी घाईघाईनं म्हणालं,

"मामा, आपली तर कंबर धरलीय बघा!"